अंड्यावर कोण बसणार? समुद्रपक्ष्यांच्या संसारातली वाटणी

सांगलीत समुद्रपक्ष्यांवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच, आपल्याला समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जायला लागतं. पण कृष्णेवर आयर्विन पुलाच्या बाजूला तो काळ्या टोपीचा, राखाडी पंखांचा पक्षी पाण्यात सूर मारताना बघितला असेल, तो नदी सुरय, आणि त्याचे बरेच भाऊबंद समुद्रावर राहतात. सुरयांच्यात अंडी घालायच्या आधी नर मासा पकडून मादीला आणून देतो, ती खाते, हा परत आणायला जातो. बघायला लाडिक वाटतं पण आत हिशोब आहे, अंडं तयार करायला तिला ताकद लागते आणि हा गडी पुढं पिलांना कितपत पोसणार हेही तिला तिथंच कळतं. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमापेक्षा बरं, पोहे नवऱ्याकडचे!

आता मुद्दा. पिलांचं सगळं आईच बघते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. समुद्रपक्ष्यांत तसं चालतच नाही, कारण खाणं कधी कधी शेकडो किलोमीटर लांब, एक जण अंड्यावर बसला की दुसऱ्यानं जायलाच पाहिजे, एकट्याच्यानं ते होत नाही. म्हणून जवळजवळ सगळ्या जातींत दोघंही राबतात. फरक कुठं, तर कुठल्या टप्प्यावर कोण राबतं आणि कोण आधी सटकतं.

एम्परर पेंग्विन टीव्हीवर सगळ्यांनीच बघितलाय. मादी एकच अंडं घालते, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तेवढ्यात तिची साठवण संपत येते, मग अंडं नराच्या पायांवर सरकवून ती समुद्राकडं निघते. नर अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात साधारण ६५ दिवस ते पायांवर घेऊन उभा, आणि आधीचे जोडी जमवायचे दिवस धरले तर जवळपास ४ महिने पोटात काही नाही. त्यातून पिल्लू आई परत यायच्या आधीच बाहेर आलं तर बाप अन्ननलिकेतून दुधासारखा पदार्थ काढून त्याला भरवतो. बापाकडं दूध, बोला!

गिलेमॉटचंही तसंच. उत्तरेकडच्या समुद्रातल्या कड्यांवर हे राहतात, पिल्लू ३ आठवड्यांचं झालं की, धड उडता येत नसताना, कड्यावरून खाली उडी टाकतं आणि पुढचा महिना-दोन महिने समुद्रात त्याला फक्त बाप सांभाळतो. आई मागं कड्यावरच काही दिवस थांबते, जागा राखते म्हणा.

मॅग्निफिसंट फ्रिगेटबर्ड मात्र उलटा. लाल गळा फुगवून मादीला पटवणार, आणि पिल्लू ३ महिन्यांचं झालं की नर सरळ निघून जाणार. पुढं कित्येक महिने भरवायचं काम आईचं. त्यामुळं तो दर वर्षी संसार मांडू शकतो, तिला एक वर्ष सोडून. मला तर हा नर अजिबात आवडत नाही, पण पक्ष्यांना आपली नीतिमत्ता लावू नये असं म्हणतात.

मघाशी मागून कोणीतरी विचारलं की नर-मादी ओळखायचे कसे. पावसाळ्यात दमून कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो तो मास्क्ड बूबी, त्याचा आवाज ऐकायचा, नर शिट्टी घालतो, मादी भोंग्यासारखी ओरडते. अल्बाट्रॉस म्हणजे लांब पंखांचे मोठे समुद्रपक्षी, त्यांच्यातल्या लेसन जातीत मात्र दिसायला दोघं सारखेच, डीएनए तपासावा लागतो. हवाईतल्या ओआहू बेटावर तसं तपासलं तर लेसन अल्बाट्रॉसच्या ३१ टक्के जोड्यांत दोन्ही माद्याच निघाल्या! २००८ साली हे छापून आलं. तिथं नरच कमी आहेत, आणि एकटीनं पिल्लू वाढत नाही, म्हणून दोघी मिळून घरटं चालवतात, अंडी शेजारच्या संसारी नरांकडून फळलेली. दोघींनी घातली तरी उबवता एकच येतं. नर-मादी जोडीपेक्षा यांची पिल्लं कमी जगतात, पण एकटीनं बसून राहण्यापेक्षा बरंच.

वांडरिंग अल्बाट्रॉसमध्ये याच्या उलट, माद्या कमी पडतात. नर खाणं शोधायला दक्षिणेकडं थंड पाण्यात जास्त जातो, मादी उत्तरेकडं गरम पाण्यात, आणि ट्यूना पकडणाऱ्या बोटींच्या हजारो गळांच्या लांब दोऱ्या तिकडंच जास्त. आमिष गिळायला ती झेप घेते, गळ अडकतो, दोरीबरोबर खाली जाते. घरट्यातलं पिल्लूही गेलंच, आणि मागं राहिलेल्या नराला नवी जोडीदारीण मिळायला वर्षं लागतात. उपाय फार अवघड नाहीत, दोरी रात्री सोडायची, गळाला वजन लावायचं म्हणजे पटकन बुडतो, आणि बोटीमागं फडफडणाऱ्या पट्ट्या बांधायच्या. जिथं हे नीट पाळलं तिथं मरणारे पक्षी खूप कमी झालेत.