चुकून मारलेल्या माणसाचं पुढे काय?

(नाशिकमधल्या एका वाचनालयात फौजदारी वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी आज एका फसलेल्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. नाव घेत नाही. नटांनी मनापासून काम केलंय, दोष लेखनाचा आहे. आणि तो दोष हल्लीच्या बऱ्याच थरारकथांमध्ये आढळतो.

कथा थोडक्यात सांगतो. दहा वर्षांच्या मुलासमोर रात्री त्याच्या वडिलांचा खून होतो. मोठेपणी एका लग्नात त्याला खुन्याचा चेहरा दिसतो. तो त्या माणसाच्या मागावर राहतो आणि त्याला मारतो. शेवटच्या वीस मिनिटांत कळतं की मारला गेलेला माणूस तो नव्हताच. मग खरा खुनी सापडतो, त्यालाही नायक संपवतो, आणि संगीत वाढवून चित्रपट संपतो. चुकून मेलेल्या माणसाची बायको आपल्याला एकदाच दिसते. तीही दारात उभी, पाठमोरी.

मला राग आला तो इथे. निरपराध माणूस मेला, आणि लेखकाला त्याचा उपयोग फक्त प्रेक्षकाला दचकवण्यापुरता वाटला.

आपण नाशिककर. सूड आणि चुकलेली ओळख, दोन्हींची थोरली गोष्ट आपल्या पंचवटीत घडते. शूर्पणखेचा अपमान होतो, ती रावणाला चिथावते, आणि मारीच सोन्याचं हरीण होऊन येतो. पण वाल्मीकी आपल्यापासून काही लपवत नाहीत. हरीण म्हणजे मारीच, हे आपल्याला आधीच माहीत असतं. लक्ष्मणालाही संशय येतो, तो तसं बोलूनही दाखवतो. पुढे मारीच मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो आणि सीता त्या आवाजाला फसते. लक्ष्मण जागचा हलत नाही, तेव्हा ती त्याला नाही नाही ते बोलते. आपण ऐकतो आणि जीव कासावीस होतो, कारण खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं आणि तिला नसतं. एका चुकीच्या ओळखीनं दोन भल्या माणसांत काय होऊ शकतं, ते त्या संवादात आहे. हीच गोष्ट हरणाचं गुपित शेवटपर्यंत राखून सांगितली असती, तर तो संवाद नुसतं भांडण वाटला असता.

आमच्या चित्रपटात नायकाची चूक आपल्याला आधी कळली असती तर? तो त्या माणसाच्या घराबाहेर उभा आहे, आतला माणूस मुलीचा गृहपाठ घेतोय, आणि हा तो नव्हे हे आपल्याला माहीत आहे. लेखकाच्या हातात हे सगळं होतं.

दुसरी गोष्ट माझ्या व्यवसायातली. माणूस ओळखण्यात चूक होते कशी, हेही चित्रपटात नाही. लंडनमधलं अॅडॉल्फ बेकचं प्रकरण सांगतो. १८९५ साली रस्त्यात एका बाईनं त्याला अडवलं आणि म्हणाली, माझी घड्याळं लुबाडणारा तो हाच. मग फसवल्या गेलेल्या आणखी बायका आल्या, त्यांनीही बेककडे बोट दाखवलं. १८७७ साली जॉन स्मिथ नावाच्या एकाला अशाच गुन्ह्यात शिक्षा झाली होती. बेक म्हणजे तोच स्मिथ, असं एका पोलिसानं शपथेवर सांगितलं. त्या काळात बेक दक्षिण अमेरिकेत होता, पण १८९६ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे १८९८ मध्ये कागदपत्रांत आढळलं की स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती. एवढं कळूनही त्याचा फक्त तुरुंगातला क्रमांक बदलला. १९०१ मध्ये तो सुटला, आणि १९०४ मध्ये तशाच आरोपावरून पुन्हा दोषी ठरला! तो कोठडीत असताना खरा ठग पकडला गेला, म्हणून वाचला. या प्रकरणानं इतकी खळबळ माजली की १९०७ च्या कायद्यानं इंग्लंडात फौजदारी अपिलाचं न्यायालय आलं.

त्या बायका खोटारड्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. त्यांची खात्री होती. आणि खात्री असलेला साक्षीदार फार धोकादायक असतो, कारण तो डगमगत नाही.

म्हणून आपल्याकडे ओळख परेडचे इतके सोपस्कार आहेत. ती पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी घेतात, पुष्कळदा तुरुंगातच. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डमी माणसांत उभं करतात. कुठे उभं राहायचं ते त्यानं ठरवायचं. त्याआधी साक्षीदाराला त्याचा चेहरा दिसता कामा नये, म्हणून त्याला बुरखा घालून नेतात. पेपरात फोटो छापून आला असेल, तर बचावाचा वकील तोच मुद्दा आधी घेतो. एवढं करूनही परेड हा मूळ पुरावा धरत नाहीत. कोर्टात साक्षीदारानं केलेली ओळख तो खरा पुरावा, परेडनं तिला नुसता आधार मिळतो. सूड घेणाऱ्याला हे काहीच करावं लागत नाही. साक्षीदार तोच, दंडाधिकारी तोच, आणि फाशी देणाराही तोच. या कथेतलं खरं भय ते आहे, आणि चित्रपटानं त्याला हातच लावला नाही.

श्रवणबाळाची गोष्ट इथे प्रत्येकानं लहानपणी ऐकली असेल. पाण्याचा आवाज ऐकून दशरथ बाण सोडतो, जनावर समजून. गोष्ट तिथे संपत नाही. तो स्वतः पाणी घेऊन त्या आंधळ्या आईबापांकडे जातो आणि तोंडानं सांगतो. आपल्या नायकाला त्या बाईच्या दारापर्यंत चालत न्यायचं धाडस लेखकाला झालं नाही.

समोर काही तरुण लिहिणारे बसले आहेत, त्यांना एक विनंती. सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात एखादी दुपार बसा. कामकाज खुलं असतं. ओळखीच्या साक्षीदाराची उलटतपासणी ऐका. उजेड कुठून येत होता? किती अंतर होतं? चेहरा किती वेळ दिसला? त्याआधी कधी पाहिला होता का? तुमच्या नायकाला हेच चार प्रश्न, पिस्तूल हातात देण्याआधी, त्याच्या बहिणीकडून किंवा मित्राकडून विचारून घ्या, आणि तो काय उत्तरं देतो ते लिहा.