ठोसा लागला, पण ऐकू आला का?

नमस्कार, श्रोतेहो.

मारधाडीच्या सिनेमांबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा उलटाच कारभार. सगळी मजा बघण्याची, आणि मी ती तुम्हाला ऐकवणार. पण माझी एक सवय इथे कामाला येईल. पडद्यावर हाणामारी लांबायला लागली की मी डोळे मिटून घेतो. कंटाळून नव्हे. म्हणजे, कधीकधी कंटाळूनही. पण एरवी नुसतं ऐकायला. कोण मारतोय, कोणाला लागलं, मारणाऱ्याला दम लागलाय का, एवढं कानांनी कळलं तर प्रसंग जमला असं मी धरतो. आणि एखादी इमारत पंधरा मिनिटं कोसळतेच आहे असा नुसता गडगडाट असेल, तर डोळे उघडूनही हाती फारसं लागत नाही.

आधीच सांगून ठेवतो, बोलण्याच्या ओघात एकदोन सिनेमांचे शेवट फुटतील. ज्यांचे पाहायचे राहिलेत त्यांनी रागावू नये.

जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ 2025च्या जुलैमध्ये आला. त्याची सुरुवात आठवा. बर्फाचं अफाट मैदान, आणि आकाशातून काहीतरी धाडकन येऊन आदळतं. तो सुपरमॅन असतो. आयुष्यात पहिल्यांदाच मार खाऊन आलेला. तोंडातून रक्त, श्वास लागलेला, आणि तो शीळ घालायचा प्रयत्न करतोय. शीळ काही नीट वाजत नाही. बर्फ उधळत त्याचा कुत्रा धावत येतो आणि लाडाने थेट त्याच्या मोडलेल्या अंगावरच नाचायला लागतो. सुपरमॅन कळवळतो. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला धड शीळ घालता येत नाही! त्या फुसक्या शिळेत मला जे मिळालं, ते याच सिनेमाच्या शेवटाकडे शहर उभं चिरत जाणाऱ्या भेगेत मिळालं नाही. तिथे डोळे मिटले, तर पुन्हा तोच गडगडाट.

सुपरहिरोंच्या सिनेमाचं दुखणं मला इथेच दिसतं. जग बुडणार, विश्व बुडणार, आता सगळीच्या सगळी विश्वं बुडणार. बुडणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि आपली धडधड कमी होत गेली. त्यात मरणाला किंमत उरली नाही. 2017 सालच्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिन हा सुपरहिरो मेला, तेव्हा थिएटरात लोक डोळे पुसत होते. थकलेला, म्हातारा, जखमा भरेनाशा झालेला माणूस होता तो. मग 2024 साली ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ आला. त्यात सुरुवातीलाच डेडपूल, म्हणजे दुसरा एक वात्रट सुपरहिरो, त्याचं थडगं उकरतो आणि त्याचीच हाडं हत्यार म्हणून वापरून समोरच्या शिपायांचा फडशा पाडतो. मी हसलो. खोटं कशाला बोलू, भरपूर हसलो. पण घरी जाताना वाटलं, आपण सात वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी रडलो त्याचीच ही हाडं. दुसऱ्या विश्वातून दुसरा वुल्व्हरिन आणता येतो म्हटल्यावर पुढच्या वेळी रडायचं कशाला?

‘थंडरबोल्ट्स’ने मात्र मला चकित केलं. हाही 2025चाच. खलनायक म्हणावा तर तो एका खचलेल्या मुलाच्या आतला काळोख आहे. तो माणसांना नुसत्या सावल्या करून टाकतो. शेवटी तो मुलगा त्या काळोखाला बुक्क्यांनी बडवायला लागतो, आणि जितकं बडवतो तितका काळोख त्यालाच गिळत जातो. मग बाकीचे येतात आणि त्याला घट्ट मिठी मारतात. सुपरहिरोंच्या सिनेमाचा कळसाचा प्रसंग, आणि ठोसा चालत नाही! मधला भाग थोडा रेंगाळतो, विनोद काही ठिकाणी ओढूनताणून आणलेत. तरी हा शेवट लिहिणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आता ज्यांच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही, त्यांच्याकडे वळू. 2023 सालचा ‘जॉन विक’चा चौथा भाग. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हा मुळात स्टंटवाला. जॉन विकचं काम करणारा नट कियानू रीव्ह्ज. 1999च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये त्याच्या जागी स्टाहेल्स्कीच मार खात होता. म्हणूनच बहुधा त्याला कॅमेरा हलवून, तुकडे जोडून लढाई लपवावी लागत नाही. कॅमेरा लांब ठेवतो, माणूस पायापासून डोक्यापर्यंत दिसतो, आणि ठोसा कुठून निघाला, कुठे पोचला हे कळतं. पॅरिसमधल्या साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या 222 पायऱ्या आहेत. सूर्योदयाच्या आत जॉनला वर पोचायचंय. पायरीपायरीला मारेकरी. तो मारत मारत वरच्या टोकाशी येतो, आणि तिथून एक लाथ बसते. तो गडगडायला लागतो. थांबेल म्हणावं तर थांबत नाही. धप्, धप्, धप्, पार तळापर्यंत. आधी लोक ‘आईगं’ करतात, मग हसायला लागतात, आणि तो पुन्हा उठून पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तेव्हा हसणं थांबतं. बघा, नुसतं ऐकूनही समजतं. तक्रार एकच. त्याचा तो गोळी न शिरणारा कोट! चेहऱ्यासमोर कोट धरला की गोळ्यांचा पाऊसही चालतो, मग भीती कशाची? आणि पावणेतीन तासांवर सिनेमा म्हणजे आमच्याही पायऱ्याच.

टॉम क्रूझच्या ‘मिशन इम्पॉसिबल’च्या आठव्या भागाबद्दल थोडक्यात. पहिला तासभर सगळी पात्रं एकमेकांना आधीच्या सिनेमांची गोष्ट सांगत बसतात. मग तो बुडालेल्या पाणबुडीत शिरतो. जवळपास संवाद नाही. लोखंड कुरकुरतंय, पाणबुडी कलंडतेय, टॉर्पेडो घरंगळत अंगावर येतायत. तेवढ्यासाठी तो पहिला तास माफ.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ‘किल’बद्दल. निखिल नागेश भट यांचा हिंदी सिनेमा, आपल्याकडे 2024च्या जुलैमध्ये लागला. धावती ट्रेन, दरोडेखोरांची टोळी आणि सुट्टीवर असलेला एक कमांडो. डब्यातली बोळकांडी एवढी अरुंद की हात मागे नेऊन ठोसा मारायलाही जागा नाही. त्यामुळे ढकलाढकली, कोपरं, डोकं आपटणं, हाताला येईल ते हत्यार. सिनेमाचं नावसुद्धा पडद्यावर बऱ्याच उशिरा येतं. नायकाचं सर्वस्व जातं, तेव्हा. तोवर तो माणसांना अडवत होता. त्यानंतर तो ठार मारायला लागतो.

इथे दिग्दर्शकाने एक विलक्षण गोष्ट केलीय. ही टोळी म्हणजे एक कुटुंब आहे. काका, पुतणे, भाऊ. एक मेला की दुसरा त्याच्या प्रेताशी बसून ओक्साबोक्शी रडतो. एरवी नायकाने चाळीस गुंड लोळवले तर आपण मोजतही नाही. इथे प्रत्येक मढ्यामागे रडणारं कोणीतरी आहे. मी डोळे मिटले, तर कानावर ट्रेनची खडखड आणि रडणं आलं. आणि मग मलाच कळेना की मघापासून मी टाळ्या कोणासाठी वाजवत होतो. सिनेमा नायकालाही सोडत नाही. त्याच्याकडे बघणाऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांत आता त्याचीच भीती असते. फारच रक्तपात आहे, हे मान्य. ज्यांना सोसत नाही त्यांनी वाटेला जाऊ नये.

जाता जाता एक बातमी. पोशाख, रंगभूषा, आवाज, सगळ्यांना ऑस्कर मिळत आलंय. पडणाऱ्या, जळणाऱ्या, काचेतून आरपार जाणाऱ्या माणसांच्या कामासाठी मात्र इतकी वर्षं ऑस्करमध्ये वेगळा विभागच नव्हता. एप्रिल 2025मध्ये अकादमीने जाहीर केलं की स्टंट डिझाइनसाठी आता स्वतंत्र पुरस्कार सुरू होईल. पण तो 2027मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून. म्हणजे त्या 222 पायऱ्यांवरून जॉन विकच्या जागी खरोखर जो गडगडत गेला, त्याच्यासाठी उशीर झालाच.

नमस्कार.