रांगला नाही, डायरेक्ट उभा राहिला

न्यू जर्सीतलं बाथरूम. रिकाम्या टबात आमची आई, साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाय लांब करून बसलेली, पायांवर पालथा माझा भाचा, वय नऊ महिने, आणि तो असा किंचाळतोय की खालच्या मजल्यावरचे आता पोलिसांना फोन करतात की काय अशी ताईला भीती. आई निवांत. तेल जिरलंय, आता उताणा घेऊन उजवा हात डाव्या पायाला, डावा उजव्याला, मग डाळीचं पीठ.

ताईचं टेन्शन वेगळंच. फोनमधलं ॲप विचारतंय, बाळ रांगतं का? नाही रांगत. बसतं मात्र कधीपासून, एकदम ताठ.

आता केनियाला जाऊ. तिथले किपसिगिस लोक बाळाला बसायला चक्क शिकवतात, जमिनीत छोटा खड्डा करायचा, भोवती फडकी खोचायची आणि त्यात बसवायचं, चालायचं पण तसंच शिकवतात. चार्ल्स सुपर नावाच्या संशोधकाने 1976 मध्ये हे मांडलं, ही मुलं अमेरिकन मुलांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसतात-चालतात, पण पालथं पडणं, रांगणं यात काही पुढं नाहीत, कारण ते कुणी शिकवतच नाही!

ताजिकिस्तानात बरोब्बर उलटं. तिथं गहवोरा नावाच्या पाळण्यात बाळाला कापडाने बांधून तासन्‌तास ठेवतात, शू-शीसाठी खालून भोक. ती पोरं उशिरा चालतात, आणि चार-पाच वर्षांची झाली की इतरांसारखीच धावतात.

ॲपला यातलं काय माहिती असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या आकड्यांत एकट्याने चालायचं वय 8.2 पासून पार 17.6 महिन्यांपर्यंत आहे, आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर 2022 मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं.

म्हणजे आईचं सगळंच बरोबर असं पण नाही हां. कानात तेल आणि धुरी, दोन्हीला डॉक्टर नको म्हणतात, आणि त्यावरून मायलेकींचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

भाचा रांगला नाहीच. अकराव्या महिन्यात त्याच टबाची कड धरून उभा राहिला, अंगाला पीठ तसंच, आणि आई आतून ओरडतेय, अगं धर त्याला, घसरेल!