खडीची वाट, खडीचं अंगण

श्रोतेहो, नमस्कार.

बागेत खडीची वाट करायची ठरली, की घरात पहिला खल होतो तो रंगाचा. पांढरी आणायची की करडी? मग आणलेली खडी सरळ मातीवर ओतली जाते आणि दोन पावसांत माती वर, खडी खाली! मला विचाराल, तर रंगाचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. आधी खणा.

दोरी लावून वाट आखून घ्या. एकट्याने चालायला ९० सेंटिमीटर रुंदी पुरते. दोघांना गप्पा मारत जायचं असेल तर सव्वा मीटर हवी. साधारण १५ सेंटिमीटर खणून तळ ठोका आणि त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. प्लास्टिकचा कागद मात्र नको, त्यावर पाणी तुंबतं.

आता खरं काम. भुकटीसकट फोडलेली खडी १० सेंटिमीटर भरायची, पण एकदम नाही. पाच सेंटिमीटर पसरा, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका. मग दुसरा थर. सुरुवातीला आवाज बद्द येतो, थर बसत गेला की तो टणक होतो. टाच जोरात दाबून पाहा. ठसा उमटला, तर अजून ठोकायचं आहे.

वरची खडी चार सेंटिमीटर, बस्स. जास्त घातलीत तर पाय रुततात, ढकलगाडी अडते. गुळगुळीत गोटे दिसतात छान, पण पायाखाली घरंगळतात. दहा मिलिमीटरची कोनेदार खडी एकमेकींत अडकून बसते. कडेला उभ्या विटा लावा, नाहीतर ती वाफ्यांत पसरते.

बसण्याच्या जागेलाही हाच पाया. फक्त घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या, म्हणजे पाणी भिंतीशी थांबणार नाही. खुर्च्यांचे पाय रुततात, म्हणून टेबलाखाली फरश्या बसवलेल्या बऱ्या. दाराशीही एक-दोन फरश्या हव्यातच. चपलेत अडकलेले खडे तिथे झटकता येतात.

आणि तण? ते येणारच. बिया वाऱ्याने वरून पडतात, त्यांना खालचं कापड काय अडवणार! पडलेली पानं कुजण्याआधी दाताळ्याने ओढून घ्या आणि तण उपटायला पाऊस पडून गेल्यानंतरची वेळ गाठा, ओल्या खडीतून ते मुळासकट निघतं.