११२ पिना

(पहाटे साडेचार. नौपाडा, ठाणे. बंद शटरसमोर पेपरचे गठ्ठे. कॅमेरा सायकलच्या चेनच्या उंचीवर.)

या वेळी गोखले रोडवर दुसरा कुठलाच आवाज नसतो, म्हणून हा लांबूनच कळतो. पेडलचा एक फेरा, एक बारीक कर्र. पुन्हा फेरा, पुन्हा कर्र. पुरवण्या घालून झाल्या, गठ्ठा जुन्या ट्यूबने कॅरिअरला आवळला आणि दादा लाईन टाकायला निघाले. काळी, दांडीची, जड सायकल. पाऊस असो की अंगात ताप असो, लोकांचा चहा होईस्तोवर पेपर दारात पडलाच पाहिजे.

"दादा, चेन वाजतेय."

"तेल घातलंय की परवाच," ते न थांबता सांगतात.

आणि खरंच घातलंय. चेनवर काळा चिकट थर आहे, पँटच्या पायावर त्याचा डाग आहे, मागच्या रिमवर दोन थेंब उडालेत. तेल सगळीकडे आहे, तरी चेन कुरकुरते आहे. हे असं का, एवढंच शोधायला आम्ही या सायकलच्या मागे लागलो.

(चेनची एक कडी, अगदी जवळून.)

दादांच्या सायकलची चेन ११२ कड्यांची. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्या सायकलींना हेच माप असतं, मग ती दूधवाल्याची असो की लाखभराची गिअरची. कडीत बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना ओवणारी पिन, पिनेवर बुश नावाची बारीक नळी आणि त्या नळीवर सैल फिरणारा रोलर. चक्राचा दात रोलरला लागतो आणि रोलर फिरतो, म्हणून दात फारसा घासत नाही. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाची. इंग्लंडात मँचेस्टरला तो गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवायचा. १८८० साली त्याने हिचं पेटंट घेतलं. पाच वर्षांनी कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने मागच्या चाकाला चेन जोडलेली 'रोव्हर' आणली, आणि दादांची ही काळी सायकल त्याच घराण्यातली.

आता थोडा हिशेब. पुढच्या चक्राला ४४ दात आहेत. मिनिटाला साठ पेडल धरली तर तासाला ३,६०० फेरे, आणि तेवढ्यात अख्खी चेन सुमारे चौदाशे वेळा फिरून येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक पिन चारदा वळते: पुढच्या चक्रावर चढताना आणि उतरताना, मग मागच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर, चढताना आणि उतरताना. म्हणजे तासाला साडेपाच हजार वेळा. एक पिन नव्हे, ११२ पिना, प्रत्येकीचं असंच.

वळणं म्हणजे पिन बुशच्या आत घासणं. चेनची झीज होते ती इथे, जिथे डोळा पोचत नाही. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्यांचं पोलाद काही ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजतो आणि ११२ सांध्यांची बेरीज एक सेंटिमीटरच्या वर जाते. तेल हवं ते या सांध्यात. दादांच्या सायकलवर ते पट्ट्यांच्या बाहेर आहे.

१९९९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत चेन फिरवून पाहिली. ताकद वाया जाते ती उष्णता होऊन, म्हणून त्यांनी इन्फ्रारेड कॅमेरा लावला. नीट चाललेल्या चेनमधून ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद मागच्या चाकाला पोचत होती. नवल म्हणजे, कुठलं तेल घातलं याने फारसा फरक पडला नाही. स्पायसर यांचा अंदाज असा की तेलाचं मोठं काम जागा अडवण्याचं आहे: फटीत तेल बसलेलं असलं की माती आत शिरत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्या प्रयोगशाळेत माती नव्हती. ठाण्यात आहे.

(घोडबंदर रोड, दुपार. डंपर. मग विटावा, ओहोटीची खाडी.)

घोडबंदर रोडची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. सिमेंट, खडीची भुकटी, टायरची पूड. ती चिकट चेनवर बसली की तेलात कालवली जाते आणि त्याची पेस्ट होते, भांडी घासायच्या पावडरीसारखी. खाडीच्या काठाला हवा खारी. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज लवकर चढतो. कळवा, विटावा, ऐरोली, वाशी, इथे बाल्कनीत आठ दिवस उभी राहिलेली सायकलही तांबूस होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर रस्त्यावरचं पाणी चाकावरून उडून सरळ चेनवर येतं आणि आतलं तेल धुऊन नेतं.

गंज फक्त दिसायला वाईट आहे असं नाही. सोन्याचांदीला झिलई द्यायला जी लाल पूड वापरतात ती लोखंडाचाच ऑक्साइड. तीच जात पिनेभोवती साचली की पिनेला रोज 'झिलई' मिळत राहते.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझी पहिली गिअरची सायकल घेतली तेव्हा मी गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं, इंजिनातून काढलेलं, फुकट मिळतं म्हणून. दर रविवारी ब्रशने चेन माखायची. त्या तेलात काजळी आणि धातूचा कीस असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुसायचं असतं हेही नाही. दोन पावसाळे गेले. मग उपवनहून येऊरच्या चढावर, उभी राहून जोर लावला तेव्हा चेनने दात सोडला. गुडघा दांडीवर आपटला. नवी चेन घातली तर तीही घसरायला लागली. जुन्या लांबलेल्या चेनने मागचे दात स्वतःच्या मापाने कोरून ठेवले होते, नव्या चेनला ते बसेनात. पाचशे रुपयांच्या चेनचं दुखणं अख्ख्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर, गेलं. ती कॅसेट अजून माझ्या टेबलावर आहे. तिचे दात समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला कललेत.

(कळवा. पिंपळाखाली दुरुस्तीची टपरी. सकाळचे नऊ.)

लाईन संपवून दादा इथे आलेत. टपरीवरचे काका चेनकडे बघतात, बोट लावतात, बोट दादांना दाखवतात. काही बोलत नाहीत.

आधी कोरडं फडकं. चेन मुठीत धरून पेडल उलटं फिरवायचं, फडकं काळं झालं की घडी बदलायची. काकांचं म्हणणं, निम्मी सफाई इथेच होते, आणि लोक हेच टाळतात. मग रॉकेल. ते आता सहज मिळत नाही, तेव्हा डिझेल किंवा सायकलच्या दुकानातलं डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रव, चालतं. पेट्रोलला मात्र काका हात लावत नाहीत: वाफ झटकन पेट घेते, आणि बाजूलाच चहाची शेगडी आहे. चेन सोडवून डब्यात बुडवली, डबा हलवला. तळाशी काळी माती बसते, ती एवढी असते की दादाही वाकून बघायला लागले.

जुन्या टूथब्रशने मागचे दात, पुढचं चक्र. मग चेन पुसून उन्हात टांगली. ही पायरी घाईची नाही. आत रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन वाहून जातं.

तोवर काका मोजपट्टी काढतात. चेन ताणून धरायची, पट्टीचं शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवायचं आणि चोवीस कड्या पुढची पिन बघायची. नवी चेन असेल तर ती पिन बरोबर बारा इंचांवर येते. इथे फॅब्रिकेशनवाल्यांचं माप चालतं: इंचाचे आठ सूत.

"अर्धा सूत पुढे गेली की चेन बदलायची," काका सांगतात. "एक सूत गेली की मग दातेही गेले समजा."

दादांची पिन अर्ध्या सुताच्या जरा पुढे आहे. दादांना वाटतं आता खर्च आला. पण बिनगिअरच्या जाड चेनला थोडी मुभा असते, तिला गिअर बदलताना आडवं वाकावं लागत नाही. काकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. गिअरच्या बारीक चेनला ती दिली नसती.

आता तेल. शिलाई मशीनची छोटी बाटली, लांब नळीची. रोजच्या वापराला हे तेल पुरतं, फक्त जरा पातळ असल्याने लवकर लवकर घालावं लागतं. पावसाळ्यात सायकलच्या चेनसाठी मिळणारं दाट 'वेट' तेल जास्त टिकतं. घरातली तेलं नकोत. खोबरेल डिसेंबरच्या पहाटे गोठतं, आणि शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या तेलाचं काय होतं ते बघायचं तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बघा. ग्रीसही नको: जाड असतं, आत उतरत नाही, बाहेर राहून धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनला, नावातच ते आहे: डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. गंजलेला नट सोडवायला तो चांगला, पण चेनमध्ये त्याची साधी पातळ फवारणी फार काळ टिकत नाही.

काका चेन चढवतात, सायकल स्टँडवर घेतात आणि खालच्या बाजूची चेन आतून समोर धरतात. प्रत्येक रोलरवर एक थेंब. एकच. पेडल सावकाश उलटं, पुढची कडी, पुढचा थेंब. सुरुवातीच्या कडीवर खडूची खूण केलेली असते, ती परत आली की थांबायचं. ११२ थेंब मोजून होतात तोवर चहा निवतो. काका तो तसाच पितात.

"ताई, तेल पाजायचं नसतं," ते मला म्हणतात, "बाळाला गुटी देतो ना, तसं चाटवायचं."

मग दहा मिनिटं काही करायचं नाही. तेल फटीतून पिनेपर्यंत उतरायला वेळ लागतो. मी तर रात्रभर ठेवते. आणि मग पुन्हा फडकं: बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं, इतकं की बोट लावलं तर जेमतेम ओलसर लागावं. पट्ट्यांवर राहणारा तो पातळ थर गंजापुरता पुरेसा असतो. दादांना हे पटत नाही. घातलेलं पुसायचं म्हणजे पैसे फुकट. काका त्यांच्याच पँटवरचा डाग दाखवतात.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर या सगळ्या वेळात डिस्कवर कापड टाकून ठेवा. तेलाचा एक थेंब ब्रेकच्या पॅडला लागला तरी ब्रेक धरत नाही.

(पाम बीच रोड, नेरुळच्या बाजूचा पट्टा. पहाटे गिअरच्या सायकलींची रांग.)

इथे भेटणाऱ्यांपैकी काहीजण तेल वापरतच नाहीत. ते चेन पूर्ण धुऊन, कोरडी करून वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवतात. मेण गार झालं की हाताला चिकटत नाही, धूळ धरत नाही, चेन चांदीसारखी दिसते. मेणाचं भांडं मात्र गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच तापवायचं, थेट आचेवर कधीच नाही, मेण पेट घेतं. ऑक्टोबर ते मे हा उपाय मला सगळ्यात आवडतो. पावसाळ्यात नाही. दोन जोरदार सरींत मेण निघतं, आणि पुसून न ठेवलेली चेन दुसऱ्या दिवशी तांबडी झालेली मी स्वतः पाहिली आहे.

पावसातून घरी आल्यावर सगळ्यात आधी चेन पुसा. स्वतःचं डोकं पुसायच्या आधी. तेल नंतर घाला, पण पुसणं त्याच वेळी. आणि कार धुण्याच्या सेंटरवरचा जोरदार फवारा चेनवर किंवा चाकाच्या मध्यावर मारू नका. त्याने चिखल जातो, पण पाणी बेअरिंगमध्ये घुसतं.

(पुन्हा कळवा. टपरी. दुपार.)

दादा गेले. काकांच्या हातात तो रॉकेलचा डबा आहे. समोर गटार आहे आणि गटार खाडीला जातं, भरतीला पाणी येतं तिथे, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. काका डबा गटारात ओतत नाहीत. फळीखाली काचेच्या तीन बाटल्या आहेत. आजचं काळं रॉकेल तिसरीत गेलं. पहिलीत गेल्या आठवड्याचं आहे: गाळ तळाशी बसलाय आणि वर चहाच्या रंगाचं, पण स्वच्छ रॉकेल. ते हलक्या हाताने डब्यात उतरवतात, तळातला गाळ भुशात कालवून पिशवीत बांधतात. पुढची सायकल स्टँडवर आली आहे, शाळेतल्या मुलाची, लाल. काका पेडल उलटं फिरवतात आणि कान खाली नेतात.