'काही नाही' या दोन शब्दांपाशी

श्रोतेहो, नमस्कार.

बी.ए.चे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पावसाळ्याच्या तोंडाला हे फोन अजून येतातच. कधी गारगोटीहून, कधी शाहूवाडीकडून, कधी गडहिंग्लजच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीचा. "मॅडम, एम.ए.ला इंग्लिश घेऊ काय?" एवढंच तिला विचारायचं असतं. मग फोन वडिलांच्या हातात जातो आणि खरा प्रश्न येतो. "बाई, दोन वर्षं घातल्यावर पोरगी इंग्रजी फाडफाड बोलंल न्हवं?"

वडिलांचं चुकत नाही. एसटीचा पास, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. म्हणून मी त्यांना स्पष्टच सांगते. बोलणं सुधारेल, पण ते काही मुख्य काम नव्हे. जिला फक्त बोलायला शिकायचंय, तिला त्यासाठी दोन वर्षं घालवायची गरज नाही. एम.ए.ला शिकायचं असतं ते वाचायला. यावर पलीकडे जरा शांतता होते. 'वाचायला तर पहिलीतच शिकली की' असं त्यांच्या मनात येत असणार. आज आकाशवाणीनं मला बोलायला बोलावलंय, तर त्या शांततेला उत्तर देते.

शेक्सपिअरचं 'किंग लिअर' गोष्ट म्हणून बऱ्याच जणांना माहीत असतं. म्हातारा राजा, तीन मुली. राज्याची वाटणी करताना तो विचारतो, तुमच्यापैकी कुणाचं माझ्यावर सगळ्यांत जास्त प्रेम आहे? थोरली गॉनरिल आणि मधली रीगन तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया, जिचा बापावर खरा जीव आहे, ती म्हणते, "नथिंग, माय लॉर्ड." राजा भडकतो आणि तिला घालवून देतो. गाइडात या प्रसंगावर दीड पान असतं. तेवढं पाठ केलं की दहा मार्कांचं उत्तर लिहून होतं.

एका वर्षी मी वर्गात गाइडं आणि झेरॉक्सच्या नोट्स दप्तरात ठेवायला लावल्या. पहिल्या अंकातले पहिले दोन प्रवेश फक्त मोठ्यानं वाचायचे, पाळीपाळीनं, तीन दिवस. पोरं कंटाळली. अभ्यासक्रम कधी संपणार, अशी कुजबुजही झाली. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. राधानगरीकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, हे वाक्य परत आलंय."

खरंच आलं होतं. दुसऱ्या प्रवेशात ग्लॉस्टर नावाच्या सरदाराचा मुलगा एडमंड एक खोटं पत्र घाईघाईनं लपवायचं सोंग करतो. बाप विचारतो, कसला कागद वाचत होतास? तो म्हणतो, "नथिंग, माय लॉर्ड." अगदी तेच तीन शब्द. आधी खरं बोलणाऱ्या लेकीच्या तोंडी, मग बापाला फसवणाऱ्या लेकाच्या तोंडी. आणि दोन्ही बाप चुकीचं ऐकतात. एकाला खऱ्यात प्रेम दिसत नाही, दुसऱ्याला खोट्यात कपट दिसत नाही.

वर्ग एकदम जागा झाला. सगळे पानं उलटायला लागले. पुढं विदूषक राजाला विचारतो, 'नथिंग'चा काही उपयोग करता येत नाही का? आणि राजा जवळपास तेच उत्तर देतो, जे त्यानं धाकट्या मुलीला दिलं होतं. नथिंगमधून काही निघत नाही. पण आता हे बोलणाऱ्या माणसाकडे ना राज्य आहे, ना मुलगी. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः शोधलं होतं. वडिलांना मी जे 'वाचायला शिकणं' म्हणते, ते हे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती मला जास्त मोलाची वाटते. मी म्हटलं, आता हे तीन शब्द मराठीत सांगा. "काही नाही, महाराज." ठीक. मग राजाचं पुढचं वाक्य? 'काही नाहीतून काही नाही निघेल' हे मराठी कानाला खपत नाही. तिथं 'शून्यातून शून्यच' म्हणावं लागतं. म्हणजे शेक्सपिअरनं ज्या एका शब्दावर हे सगळं उभं केलंय, त्याचे मराठीत येताना दोन तुकडे होतात. एक घरातला शब्द, एक गणितातला. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "पण मॅडम, आपलं 'काय न्हाई' जास्त चांगलं हाय. आमच्या घरात आईनं काय झालं म्हणून विचारलं की आम्ही 'काय न्हाई' म्हणतो. तवाच सगळं झालेलं असतंय."

मी तिला त्या वेळी काही बोलू शकले नाही. कॉर्डेलियाचं मौन समजावताना मी इतकी वर्षं मोठमोठे शब्द वापरत होते आणि या पोरीनं ते राधानगरीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

मराठी माध्यमातून आलेली मुलं एम.ए.ला येतात ती मान खाली घालून. इंग्लिश मीडियमवाल्यांपुढं आपलं काय चालणार, असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, तुमच्याकडे दुसरी भाषा आहे, आणि ती वाचनात हत्यारासारखी वापरता येते. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी 'लिअर' मराठीत आणलं, आणि समीक्षेच्या पेपरात आपल्याला पहिल्यांदा जो भेटतो त्या ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्रही आणलं. 'कथार्सिस', म्हणजे शोकांतिका बघताना होणारं भावनांचं विरेचन, या शब्दानं घाबरलेल्या मुलांना मी आधी ते मराठी पुस्तक वाचायला लावत असे. आणि 'नटसम्राट' तर आपल्या घराघरात आहे. १९७० साली शिरवाडकरांनी ते रंगभूमीला दिलं. त्यामागं लिअरची सावली आहे, हे सगळे सांगतात. पण जरा थांबून बघा. लिअरच्या नाटकात राणी नाही, आईचा पत्ताच नाही. 'नटसम्राट'मध्ये कावेरी आहे. लिअरला शेवटी हातांत घ्यायला कॉर्डेलिया आहे, मेलेली का होईना. बेलवलकरांच्या पोटच्या पोरांत कॉर्डेलिया नाहीच. शिरवाडकरांनी धाकटी लेक काढली आणि बायको आणली. असं का केलं असेल? या एका प्रश्नावर अख्खं सेमिस्टर बोलता येतं, आणि त्यासाठी दोन्ही भाषा लागतात.

इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. 'टेस' ही १८९१ मधली कादंबरी. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. बाप दारू पिऊन पडलाय, म्हणून मधमाश्यांची पोळी बाजारात पोचवायला रात्री टेस गाडी घेऊन निघते. वाटेत तिला डुलकी लागते. समोरून येणाऱ्या टपालगाडीचा दांडा त्यांच्या प्रिन्स नावाच्या घोड्याच्या छातीत घुसतो. रक्ताची धार लागते आणि ती पोर त्या जखमेवर हात दाबून उभी राहते. घोडा जातो. घराचं पोट त्याच्यावर होतं. बाप दारुडा, आळशी, पण घोड्याचं कलेवर थोड्या पैशासाठी विकायला तो तयार होत नाही. स्वतः खड्डा खणून पुरतो.

शहरातल्या मुलांना मी हा प्रसंग समजावून सांगायची. पण ज्या घरात बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावलाय आणि पुढच्या बेंदराला तो दावणीला नाही, त्या घरच्या मुलाला काय समजावणार? एक मुलगा तास संपल्यावर नुसता बसून राहिला होता. नंतर त्यानं लिहिलेलं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे. टेसच्या पुढच्या सगळ्या दुर्दैवाची सुरुवात तिच्या रूपात किंवा नशिबात नसून घरातलं कमावतं जनावर गेल्यावर तिच्या मनात बसलेल्या अपराधीपणात आहे, असं त्यानं लिहिलं होतं. व्याकरणाच्या सात चुका होत्या. मी त्याला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले आणि अजूनही देईन.

जुना इंग्रज कवी चॉसर, त्याची भीती तर सगळ्यांनाच. चौदाव्या शतकातली इंग्रजी, शब्द ओळखू येत नाहीत. पण गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढलेल्या मुलाला जुन्या भाषेचं एवढं भय का वाटावं? ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९०. चॉसर यात्रेकरूंच्या गोष्टी लिहायला बसला, तो त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. 'जे', 'तेणें', 'कां' यांतून वाट काढायची आपल्याला सवय आहे. तीच इथं कामाला येते. आणि लंडनजवळच्या सदर्कच्या खाणावळीत जमलेले ते कँटरबरीचे यात्रेकरू, त्यातला गिरणीवाला, मठवासिनी, पाच नवरे झालेली बाथची बाई, ही मंडळी चैत्रात जोतिबाच्या वाटेवर कधीही भेटावीत अशी आहेत.

भाषाशास्त्राच्या पेपरातही असंच आहे. 'किंग'मधला 'क' इंग्रज माणूस जरा हवा सोडून, आपल्या 'ख'च्या जवळ नेऊन बोलतो आणि 'स्काय'मधला साधा 'क'. त्याला स्वतःला हा फरक ऐकूच येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याला मात्र 'काल' आणि 'खाल' लहानपणापासून वेगळे. फोनीम म्हणजे अर्थ बदलणारा ध्वनी, हे एवढ्यात कळतं.

आता थोडं व्यवहाराचं. वडील रेडिओ ऐकत असतील, त्यांच्यासाठी. एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, पडले की सेट आणि नेट या प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा देता येतात. नेटला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, तीन तास. पास झालं म्हणजे लगेच नोकरी, असं मी सांगणार नाही. कितीतरी हुशार मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतायत, आणि याचं मला फार दुःख आहे. बी.एड. करून शाळेत जाणारे आहेत, भाषांतरात जाणारे आहेत, स्पर्धा परीक्षेकडे वळणारेही आहेत. हे सगळं आधी माहीत असावं आणि मग प्रवेश घ्यावा.

आणि एकदा घेतला की मूळ पुस्तक वाचावं. 'टेस'ची ५९ प्रकरणं आहेत. रोज दोन वाचली तर महिन्यात कादंबरी होते. पहिल्या दहा प्रकरणांत डिक्शनरी सारखी उघडावी लागते, पुढं आपोआप कमी होते. कविता मात्र मोठ्यानं वाचायची. खोलीतली पोरं हसली तर हसू देत. इथं शाळेत 'यमाताराजभानसलगम्' घोकलेल्या मुलाला एक सांगायचंय. आपलं वृत्त लघू-गुरूवर चालतं, इंग्रजी छंद आघातावर. नुसत्या डोळ्यांनी तो सापडत नाही, तोंडानंच सापडतो.

पुस्तकं कुठली मिळायची, असं विचारू नका. शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय आहे. कोल्हापूर शहरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. हे गाव या विषयाला परकं नाही. कन्नडचे ज्ञानपीठविजेते वि. कृ. गोकाक इंग्रजीचे प्राध्यापक, आणि ते आपल्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. अरुण कोलटकर तर कोल्हापुरातच जन्मले. त्यांचं 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आलं, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, आणि आज देशभरातली मुलं ते अभ्यासाला वाचतात. त्यातली पन्नास पैशांसाठी बाही धरून मागं लागणारी म्हातारी लांबच्या वाचकाला टीप वाचून कळते. तुम्ही तिला देवळाच्या पायरीवर पाहिलेली असते.

राधानगरीच्या त्या मुलीचं सांगून थांबते. ती आता एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते, तासिकेवरच. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला होता. ओढ्याला पाणी आलं होतं, त्यामुळं अकरावीच्या वर्गात जेमतेम बारा मुलं. धडा पुढं न्यायचा नाही म्हणून तिनं लिअरची गोष्ट सांगितली. फळ्यावर 'काही नाही' लिहिलं आणि विचारलं, तुमच्या घरात हे कोण, कधी म्हणतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पप्पा म्हणत्यात. ऊसबिल आलं काय म्हणून आई इचारती तवा."

नमस्कार.