विंचवाचं बिऱ्हाड आणि नर्सचा परवाना

[दृश्य: नॉरफोक, व्हर्जिनिया. धक्क्याला लागलेल्या युद्धनौका. मग एका घराच्या दारात उभा सामानाचा ट्रक.]

निवेदन:

नॉरफोकचा हा नौदल तळ जगात सर्वांत मोठा. अमेरिकन सैन्यातल्या माणसाची दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसाच हा संसार.

समजा, २०२३ च्या आधीची गोष्ट आहे. या घरात नवरा-बायको दोघंही नर्स आहेत. तो नौदलाच्या गणवेशात, ती शहरातल्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात. दोघं एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्यासाठीची एकच परीक्षा पास झालेले. ती देशभर सारखीच असते. दोघांचे परवानेही व्हर्जिनियाचेच. आणि ऑर्डर येते सॅन दिएगोची. म्हणजे थेट कॅलिफोर्निया.

[दृश्य: सॅन दिएगोचं नौदल रुग्णालय.]

तो नौदलाच्या रुग्णालयात रुजू होतो तो व्हर्जिनियाच्याच परवान्यावर. सैन्यातल्या डॉक्टर-नर्सकडे कुठल्याही एका राज्याचा वैध परवाना असला, की संरक्षण खात्याच्या कुठल्याही रुग्णालयात तो चालतो, असा केंद्राचा कायदाच आहे.

तिची गोष्ट वेगळी. खासगी रुग्णालयात काम करायचं, तर परवाना त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा लागतो. नवा अर्ज, नवी फी, बोटांचे ठसे, कॉलेजकडून परस्पर मागवायच्या गुणपत्रिका. आणि मग वाट पाहणं. सलाइनचा वेग, इन्शुलिनची मात्रा, व्हेंटिलेटरचा अलार्म, यातलं काहीही राज्याची हद्द ओलांडली म्हणून बदलत नाही. तरी ती घरी बसते.

राज्यांनी परवान्यावर आपला हात ठेवावा, यात गैर काही नाही. चूक झाली तर रुग्णाने तक्रार कुठे करायची, हे ठरलेलं हवंच. आपल्याकडेही महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली नर्स दुसऱ्या राज्यात गेली, की तिथल्या परिषदेचं दार ठोठावतेच. पण सैनिकाचं घर हौसेने हलत नाही. हुकूम देशाचा आणि नोकरी जाते जोडीदाराची, हे न्याय्य नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या वित्त आणि संरक्षण खात्यांनी मिळून एक अहवाल काढला. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सैनिकी जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के जणांच्या पेशाला परवाना किंवा प्रमाणपत्र लागतं, असं त्यात दिसलं. वर्षभरात राज्य बदलणाऱ्यांचं प्रमाण सैनिकी जोडीदारांत १४.५ टक्के, तर सैन्याबाहेरच्या लोकांत १.१ टक्के.

नर्सना एक आधार आहे. ४० हून अधिक राज्यं आणि प्रदेश आपसांतल्या करारात आहेत. तिथे एकच परवाना सगळीकडे चालतो. व्हर्जिनिया त्यात आहे. कॅलिफोर्निया नाही. नव्या परवान्याचा खर्चही सैन्याकडून परत मिळू लागला, आधी ५०० डॉलरपर्यंत, नंतर १,००० पर्यंत. पण पैशाने बुडालेले महिने भरून निघत नाहीत.

[दृश्य: टेबलावर बदलीची ऑर्डर, लग्नाचा दाखला, परवाना.]

खरा फरक पडला ५ जानेवारी २०२३ ला. त्या दिवशी झालेल्या कायद्याने, सैनिकांना नागरी व्यवहारांत संरक्षण देणाऱ्या जुन्या कायद्यात नवं कलम आलं. सैनिक किंवा त्याचा जोडीदार बदलीमुळे राज्याबाहेर गेला, तर आधीचा परवाना नव्या राज्याने मानायचा, तो त्या बदलीच्या काळापुरता. नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना हे लागू. तेव्हा वगळले होते फक्त वकील. परवान्यावर ठपका नको आणि नव्या राज्याचे नियम, शिस्त, पुढचं प्रशिक्षण पाळायचं. जिथे आंतरराज्य करार लागू आहे, तिथे मात्र कराराचेच नियम.

एक अट नडली. बदलीपूर्वीच्या दोन वर्षांत परवाना प्रत्यक्ष वापरलेला असावा, असं कलमात होतं. टेक्सासमध्ये एका शालेय समुपदेशिकेचं घोडं इथेच अडलं. सतत बदल्या होणाऱ्या, बाळंतपणात घरी राहिलेल्या बाईला ही अट कशी झेपणार? ती न्यायालयात गेली, केंद्राच्या न्याय खात्याने तिच्या बाजूने म्हणणं मांडलं आणि जुलै २०२३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत ती अटच काढून टाकली. आता अर्जासोबत ऑर्डर, जोडीदार असेल तर लग्नाचा दाखला, आणि नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. बोर्डाला पडताळणीला वेळ लागणार असेल, तर तोवर तात्पुरता परवाना देता येतो.

[दृश्य: तळावरच्या विधी साहाय्य कार्यालयाची पाटी.]

बोर्डाच्या खिडकीवरच्या माणसाला हे कलम ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा अर्जासोबत कलमाची प्रत जोडावी. ‘आमच्याकडे असं चालत नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागावं आणि तळावरच्या विधी साहाय्य कार्यालयात जावं. तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. आणि प्रकरण तिथेही सुटलं नाही, तर या कायद्याखाली खटला भरण्याचा अधिकार खुद्द न्याय खात्याला आहे.